बिनरोलचा सत्कार

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणारच असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा, माझं धोतर आजच धुतलेलं आहे. कारण ही फजिती माझी दुसऱ्या कुणी केलेली नाही हो! मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, आठ दिवस आधी ठरवून केलेली आहे.

तेव्हा मी पनवेलला भाताच्या गिरणीत कारकून होतो. मेहुण्यानं मुंबईहून एक डबा कॅमेरा आणून दिलेला. डबाच तो, काळा आणि चौकोनी. पण आमच्या आळीत तेवढा एकच, त्यामुळे मी आपोआप छायाचित्रकार झालो. एकदा भर बाजारात शाळेच्या आपटे हेडमास्तरांना गाठलं आणि म्हटलं, “शाळेचे फोटो यापुढे मी काढीन. फुकट. सेवा म्हणून!”

हे ‘सेवा म्हणून’ फार वाईट असतं बघा. तोंडानं सेवा म्हणायचं आणि मनात गळ्याचं माप हारवाल्याला द्यायचं.

तीन वर्षं सेवा केली. स्वातंत्र्यदिन, बक्षीस समारंभ, खो-खोचे सामने. बाकावर चढलो, आंब्यावर चढलो, एकदा तर प्रमुख पाहुण्यांच्या टांग्यावर चढलो. रोल दादरला पाठवून धुवून आणले. आणि शाळेनं काय केलं?

पहिल्या वर्षी सगळ्यांचा चहा झाल्यावर मला कप आला, त्यात नुसती साय. दुसऱ्या वर्षी शिक्षकांचा ग्रुप फोटो घेत होतो, तर ड्रिलमास्तर मलाच म्हणाले, “अहो, जरा बाजूला व्हा की, फोटो काढायचाय!” आणि तिसऱ्या वर्षी तर कळस झाला. स्नेहसंमेलनाची छापील पत्रिका आली. तिच्या पाठीवर आभारांची यादी. बत्त्या देणाऱ्याचे आभार, सतरंज्या देणाऱ्याचे आभार, नाटकात काम करणाऱ्या बैलाच्या मालकाचे आभार! मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, उजेडासमोर धरून वाचली. माझं नाव कुठंच नाही.

“बैल!” मी बायकोला म्हणालो. “अगं, बैलाला मान आहे आणि मला नाही!”

“बैलाच्या मालकाला आहे,” सुमती तांदूळ निवडत म्हणाली. “आणि तुम्ही सेवा करत होतात ना?”

“करत होतो. आता बघच तू.”

माझा बेत साधा होता. संमेलनाला जायचं, कॅमेरा गळ्यात अडकवायचा, दिवसभर खटाखट खटका दाबायचा, आणि आत रोलच घालायचा नाही! मग आठ दिवसांनी मान खाली घालून सांगायचं, “काय करणार, रोलला उजेड लागला.” म्हणजे कळेल यांना फोटोवाल्याची किंमत.

“करावे तसे भरावे,” सुमती म्हणाली. मला वाटलं, शाळेबद्दलच बोलतेय.

संमेलनाच्या सकाळी मी जी मजा केली, ती आयुष्यात दुसऱ्यांदा केली नाही. आपटे हेडमास्तरांना म्हटलं, “मान वर. आणखी वर. आता श्वास सोडू नका!” ते लाल होईपर्यंत सोडला नाही त्यांनी. ड्रिलमास्तरांना एका पायावर उभं केलं, म्हटलं यात रुबाब येतो. बैलाच्या मालकाला बैलाच्या शेपटीकडे उभं केलं. खट! खट! खट! अहो, रोलमध्ये आठच फोटो असतात. मी दुपारपर्यंत साठ काढले!

आणि मग हेडमास्तर भाषणाला उभे राहिले.

“पत्रिकेत एका गृहस्थांचे आभार कसे राहिले, असं पुष्कळांनी मला विचारलं. मंडळी, ते राहिले नाहीत, मुद्दाम ठेवले! तीन वर्षं निरपेक्ष सेवा करणाऱ्या माणसाला बत्त्या आणि सतरंज्यांच्या ओळीत बसवायचं? म्हणून शाळेनं ठरवलं, त्यांचा आज स्वतंत्र सत्कार करायचा!”

आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

टाळ्या चालू झाल्या. मला ढकलतच मंचावर नेलं. शाल आली, नारळ आला, हार आला. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर हाराचा झेंडू तोंडात गेला.

एवढ्यावर सुटलो असतो तर ठीक होतं. पण हेडमास्तर पुढं म्हणाले, “आणि आता यांच्याच हातून आपल्या हिराजीबाबांचा फोटो! मोठा करून आपण तो सभागृहात लावणार आहोत.”

हिराजीबाबा म्हणजे जवळच्या ओवं गावचे हिराजी पाटील. शाळेचं मैदान हे त्यांचं भाताचं खाचर, त्यांनी दान दिलेलं. पंचाहत्तरी उलटली तरी म्हाताऱ्यानं जन्मात एकदाही फोटो काढू दिला नव्हता. आज मात्र दोन बैलगाड्या भरून घरची सतरा माणसं घेऊन आलेले. डोक्याला कोरं मुंडासं, शेजारी म्हातारी नथ घालून.

“फोटू काढाचा तं याच्याच हातचा,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “मानूस मन लावून काम करतंय.”

आता बोला! अंगावर शाल, काखेत नारळ, समोर सतरा माणसं टक लावून उभी, आणि डब्यात काय? हवा! मी खटका दाबला. म्हातारी पापणी न लववता उभी राहिलेली पाहून मला भडभडून आलं, म्हणून उगाच आणखी दोनदा दाबला.

घरी आलो. सुमतीनं शाल चाचपून पाहिली. “कापड चांगलं आहे,” म्हणाली. “आता फोटोंचं काय?”

आठ दिवसांनी मी ठरलेलं वाक्य म्हटलं. “रोलला उजेड लागला.” वाटलं होतं, चार शब्द ऐकून घेऊ आणि मोकळे होऊ. पण छे! सगळे माझंच सांत्वन करायला लागले.

“आमचं सोडा, तुमच्या जिवाला काय वाटत असेल!” हेडमास्तर म्हणाले. “त्या दादरवाल्याला मी पत्र लिहितो. इंग्रजीत लिहितो!”

“नको, नको, गरीब माणूस आहे,” मी घाईघाईनं म्हणालो, तर माझ्या मोठ्या मनाची शाळाभर वाहवा झाली. ड्रिलमास्तर आजाऱ्याला आणावीत तशी केळी घेऊन आले. सुमतीनं एका संध्याकाळी सांत्वनाचे अकरा कप चहा केला आणि माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही.

पण मला खरी बोच होती ती हिराजीबाबांची. पिकलं पान ते. उद्या काही बरंवाईट झालं, तर सभागृहाच्या भिंतीवर काय लावायचं, माझी शाल? रविवारी रोल घातला. मी दोनदा तपासला, सुमतीनं एकदा तपासला. सायकल काढली आणि थेट ओवं गाठलं.

हिराजीबाबा अंगणात बसले होते. “बाबा, त्या दिवशी रोलला उजेड लागला,” मी म्हणालो. ते “बरां, बरां” म्हणाले आणि मुंडासं बांधून आले. खुर्चीवर ताठ बसले, गुडघ्यांवर हात. मी फोटो घेतला, मागच्या तांबड्या काचेतून आकडा बघत चावी फिरवून रोल पुढं सरकवला.

“आज हाय वाटतं,” ते म्हणाले.

“काय आहे?”

“डब्याच्या पोटात. तो रोल का काय म्हनता तुमी.”

कॅमेरा हातातून घसरता घसरता राहिला.

“तीन वरसं मी तुमच्या बाजूला बसून बगतंय,” हिराजीबाबा म्हणाले. “मना त्या डब्याची लय मौज. तुमी खट करता, मंग ती चावी फिरवता, मागच्या तांबड्या भोकातून बगता, मंग पुन्ना खट. त्या दिसाला सकालपासून खटखट चालली व्हती, पन चावी येकदा पन फिरली नाय.”

कान तापले हो माझे! आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. तीन वर्षं मी रडत होतो, की माझ्या कामाकडे कुणाचं लक्ष नाही. आणि हा माणूस माझी बोटं पाठ करून बसला होता!

“मग बाबा, तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?”

“बोलनार व्हतो. पन तवर त्यांनी तुमच्या आंगावर शाल घातली. शाल घातलेल्या मानसाला चारचौघात उघडा कसा पाडू?”

“म्हणजे रिकामा डबा आहे हे ठाऊक असून तुम्ही उन्हात उभे राहिलात? सतरा जणांना घेऊन?”

“म्हातारीला आजून सांगतलं नाय,” ते हळूच म्हणाले. “ती चार दिस बोलत व्हती, डोलं दुखतान म्हनून!”

आणि म्हातारा जो हसत सुटला! खुर्ची हलली, मुंडासं कलंडलं, उरलेले दोन दात उघडे पडले. मी सवयीनं खटका दाबला.

तोच फोटो सभागृहात लागला. भिंतीवरची बाकीची मंडळी एरंडेल प्यायल्यासारखी बसली आहेत आणि मधोमध हिराजीबाबा खदखदा हसताहेत. शाळेत येणारा प्रत्येक पाहुणा तिथं थांबतो. माझ्या कामाचं एवढं कौतुक त्याआधी आणि त्यानंतर कधीच झालं नाही. सगळे एकच विचारतात, “वा! काय हसवलंत हो म्हाताऱ्याला! असा कुठला विनोद सांगितलात?”

“सांगावा लागला नाही,” मी म्हणतो. “तो कॅमेऱ्याच्या मागंच उभा होता.”