रोजची पहिली झेरॉक्स

आमच्या ह्यांचं झेरॉक्सचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत. सहा बाय आठची खोली, त्यात एक मशीन, एक स्टूल आणि हे. तेहतीस वर्षं झाली. माणूस इतका सरळ की समोरच्याला कंटाळा यावा. गिऱ्हाइकाच्या कागदाची प्रत बिघडली, तर तिथल्या तिथे चार तुकडे करून त्याच्याच हातात देणार. "लोकांचे कागद म्हणजे लोकांची अब्रू," हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय.

दोन वर्षांपूर्वी टाय लावलेला एक एजंट दुकानात आला. म्हणे, "काका, तुमची ओळख चोरीला जाऊ शकते. आमची कंपनी चोवीस तास पहारा देते, दरमहा अगदी थोडक्या पैशांत." मी म्हटलं, "अहो, तुमची ओळख चोरून कुणी काय करणार? पाठदुखी घेऊन जाणार?" तर ह्यांनी माझ्यावरच डोळे वटारले आणि पैसे भरून टाकले. तेव्हापासून दर एक तारखेला फोनवर मेसेज यायचा, 'अभिनंदन! तुमची ओळख सुरक्षित आहे.' हे तो मला असे दाखवायचे, जसा काही पोराचा निकाल लागलाय.

ह्यांचा डावा डोळा लहानपणीच चेंडू लागून गेला. सगळी मदार उजव्यावर. यंदा त्यातही मोतीबिंदू आला. प्रती वाकड्या निघायला लागल्या, गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होतं, म्हणून आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी ह्यांच्या ओळखपत्राचा नंबर टाकला आणि मान वर न करता म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचं झालंय की तुमचं. मार्चमध्येच."

"अहो, काहीतरीच काय!" मी म्हटलं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "या डोळ्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही," म्हणाले, आणि तसं लिहूनही दिलं. बाईंनी तो कागद वाचला. "डॉक्टर म्हणतात ते खरं असेल हो, पण कॉम्प्युटरमध्ये झालंय ना. एका डोळ्याला एकदाच मिळतं. चौकशी होईल, सहा महिने धरून चाला." डोळा तेवढा थांबणार आहे का, हे त्या बयेला कोण विचारणार?

मार्चमध्ये ह्यांच्या नावावर डोळा करून गेलेल्या माणसाने दिलेली ओळखपत्राची प्रत मी मागून घेतली. घड्या पडलेली, तेलकट. ह्यांनी ती नाकाला टेकवून पाहिली. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती. "ही आपल्याच मशीनची रेघ आहे गं," म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. रोज सकाळी मशीन तापलं की टोनर कसा उतरतोय ते बघायला एक प्रत काढावी लागते. लोकांचे कागद त्यासाठी वापरायचे नाहीत, मग ठेवायचं काचेवर स्वतःचं ओळखपत्र! ती प्रत खालच्या पेटीत. पेटी भरली की रद्दी शेजारच्या शेंगदाणेवाल्याकडे. मी तशीच त्याच्या गाडीवर गेले. दोरीला ओवलेल्या पुड्यांत आमचे हे तीन ठिकाणी होते, नाव, नंबर, जन्मतारखेसकट. गावभर पुड्या वाटायच्या आणि वर पहारेकऱ्याला पगार द्यायचा!

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं," मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. आणि जीभ चावली. समोर कोण उभं होतं!

सगळा राग कंपनीवर काढायला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही कर्जावर लक्ष ठेवतो. दवाखाना त्यात येत नाही. आणि आम्ही चोरी थांबवत नाही, झाली की कळवतो."

"मग कळवलं का नाही?"

"दवाखाना त्यात येत नाही ना, मॅडम. वरच्या पॅकेजमध्ये येतो. देऊ का?"

शी! चोर परवडला, तो निदान अभिनंदन तरी करत नाही. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता बंद करा." तर म्हणते, "बंद करण्यासाठी ओळखपत्राची झेरॉक्स पाठवावी लागेल." मी फोनच आपटला.

अशा लोकांना एक छदाम देऊ नये. तेवढ्या पैशात कात्री घ्यावी आणि आपले कागद आपण कापावेत. हे शहाणपण मला आता सुचतंय, कुणाला सांगू?

काल एक तारीख. हल्ली मी दुकानात बसते, कारण ह्यांना आता अक्षर दिसत नाही, नुसता पांढरा चौकोन दिसतो. फोन वाजला. त्यांनी तो डोळ्याशी नेला, फिरवला, आणि माझ्यापुढे धरला.

"काय आलंय गं? दवाखान्याचं आहे का?"

मी वाचलं. तेच अभिनंदन, तेच सुरक्षित.

"नाही हो," म्हटलं, "जाहिरात आहे."

"बरं," म्हणाले, आणि गिऱ्हाइकाचा कागद उलटा की सुलटा ते बोटांनी चाचपत राहिले.