फाईलसाठी लावलेलं लग्न

त्या बाईनं माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून घेतलं, ओट्यापाशी गेली आणि नळ सोडला. माझ्यादेखत. आधी नुसतं पाणी, मग साबण, मग परत पाणी. डब्यातली चिमूटभर हळद त्याला लावली, पुन्हा धुतलं, पदरानं पुसलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं. तिचंच होतं ते. मला फोटोपुरतं दिलं होतं.

पाच मिनिटांपूर्वी हीच बाई माझ्या निऱ्या नीट करत होती. "किती छान दिसायलीस गं," म्हणत होती. गजरा तिनंच माळला होता. मग सहज विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं?" मी म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत, मॅडम." तिचा हात माझ्या मानेपाशीच थांबला.

"घाम असतो ना, म्हणून धुतलं हो," ती नंतर म्हणाली.

आणि मी काय केलं? हसले. "थँक्यू मॅडम," म्हणाले. नववी-दहावीला विज्ञान शिकवणारी, तीस वर्षांची बाई मी. थँक्यू म्हणाले. नळाचा राग मागाहून आला. पहिला राग आला तो या थँक्यूचा, आणि तो अजून गेलेला नाही.

तिथं मी कशाला गेले होते ते सांगते.

माझं माहेर मादन हिप्परगा, कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातलं. नवरा मिलिंद बसवकल्याणचा. सहा वर्षांपूर्वी तो कॅनडाला गेला, एका गोदामात कामाला लागला, आता तिथला कायमचा रहिवासी झालाय. लग्नासाठी पाच आठवड्यांची सुट्टी काढून आला होता. बायकोला तिकडं बोलवायचं तर तिथल्या सरकारकडं अर्ज करावा लागतो. लग्न खरं आहे, नुसतं व्हिसासाठी लावलेलं नाही, हे पटवून द्यावं लागतं. कुणीतरी सांगितलं, कलबुर्गीत एक जण ही कामं करतो, फार हुशार आहे. गेलो दोघं.

घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, मागं संसार. त्या माणसाला सगळे सर म्हणत होते, आम्हीही म्हणालो. सरांनी आमच्या लग्नाचे फोटो पत्ते पिसल्यासारखे भराभर बघितले.

त्यात आमच्या गावचं विहार होतं. पांढऱ्या साडीतली मी, पांढऱ्या सदऱ्यातला मिलिंद. समोर बुद्धमूर्ती, बाजूला निळ्या कोटातली तसबीर, मेणबत्त्या. त्रिशरण, पंचशील, एकमेकांना वचनं, हार. पाऊण तासात लग्न लागलं होतं. होम नाही, फेरे नाहीत, मुहूर्त नाही. मग हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, आणि भात. आमच्यातल्या बऱ्याच बायका काळे मणी घालतात. मी घातले नाहीत. मिलिंदच म्हणाला होता, "कामून घालायचे? मी कुठं काय घालायलोय?" तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

"हे लग्न आहे?" सर म्हणाले. "मला वाटलं शोकसभा."

मिलिंद हसला. मीही हसले असेन.

मग सरांनी आमचं सर्टिफिकेट समोर ठेवलं. लग्नाची सरकारी नोंद हिंदू विवाह कायद्याखाली झालेली. आम्हा बौद्धांची तशीच होते. सरांनी त्यावर बोट आपटलं. "कागदावर हिंदू विवाह आणि फोटोत हे असलं. तिकडचा साहेब म्हणणार, लग्न खोटं आहे. आणि हे कोटवाले कोण, हे त्याला कसं सांगणार? त्यापेक्षा आपण रीतसर चार फोटो काढू. इथंच सोय आहे. सगळे करतात."

कोटवाले कोण, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. मी मिलिंदकडं पाहिलं. तो टेबलाकडं बघत होता.

"फोटोच काढायचेत न," तो म्हणाला. "काढून टाकू."

आतल्या हॉलमध्ये एका भिंतीला लाल पडदा कायमचाच लावलेला होता. दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे केळीचे खांब. म्हणजे सोय खरंच होती. मला मॅडमची, म्हणजे सरांच्या बायकोची, हिरवी साडी, मिलिंदला सरांचं उपरणं आणि कपाळाला टिळा. फोटो सर स्वतः काढत होते. मिलिंदला मंगळसूत्राचा फासा लावता येईना. "अहो, जरा हसा की," सर म्हणाले. आम्ही हसलो. फोटो झाले, मिलिंद बाहेर गेला, आणि मग ते कुलदैवत आणि तो नळ.

बसमध्ये मी मिलिंदला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. "जाऊ दे," म्हणाला. "आपल्याला व्हिसाशी मतलब." आठ दिवसांनी तो परत गेला.

मी सासरीच राहिले, पण माझं कशातच लक्ष लागेना. फळ्यावर आम्ल आणि आम्लारी लिहायचे आणि पुढचं वाक्यच सुचायचं नाही. शाळेत पोरींनी नळ उघडा टाकला की अंगावर धावून जायचे. बाईंना काय झालंय, ते त्या बिचाऱ्यांना कळायचं नाही. जेवताना उठायचे, बसायचे, परत उठायचे. एकीकडं वाटायचं, कधी एकदा ती फाईल जाते आणि मी मिलिंदकडं पोचते. दुसरीकडं वाटायचं, ती फाईल त्या घरातून बाहेरच पडू नये.

तीन आठवड्यांनी सरांचा फोन आला. "सहीला या."

फाईल जाडजूड झाली होती. उघडली. लाल पडद्यापुढचे फोटो, एका पानावर दोन दोन. खाली इंग्रजीत छापलेलं, वधू आणि वर, हिंदू विधींनुसार विवाह. तारीख आमच्या खऱ्या लग्नाची. मी पानं उलटत गेले. विहार नव्हतं. आई नव्हती. अप्पा नव्हते. माझ्या लग्नातून माझ्या आईबापालाच काढून टाकलं होतं. शेवटच्या पानावर वाक्य होतं, वरील सर्व माहिती सत्य आहे. त्याखाली माझ्या सहीची रिकामी जागा.

मी पेन खाली ठेवलं.

"आमचे विहारातले फोटो कुठंयत?"

"काढले. गोंधळ नको म्हणून."

"मग हे खोटं आहे. मी सही करणार नाही."

सर खुर्चीत मागं रेलले. "तुमच्या लोकांचं हेच अवघड आहे बघा. भलं करायला जावं तर..."

तुमच्या लोकांचं. एवढे दिवस अंगात जे नुसतं फिरत होतं, त्याला तिथं वाट मिळाली. मी विचारलं, "मी उठल्यावर ही खुर्ची पण धुणार का?"

आतल्या दारात मॅडम उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. सरांनी फाईल मिटली. त्यांना मी काय म्हणतेय ते कळलं होतं.

"आमचे कागद द्या. आणि ते फोटो माझ्यासमोर पुसून टाका. सगळे."

"केस नापास झाली की रडत येऊ नका."

"न्हाई येणार."

एकेक फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावरून जाईपर्यंत मी तिथं उभी राहिले. केस खरंच नापास होईल, ही भीती होतीच. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी शाळेला निघण्याआधी मिलिंदला फोन केला. तिकडं संध्याकाळ. तो कामावरून आला होता.

"येडी झालीस का?" तो म्हणाला. "तुला यायचंय का न्हाई इकडं?"

त्यानं फोन ठेवला. नळापेक्षा हे जास्त लागलं. ती बाई परकी होती. हा माझा माणूस होता, आणि वचनं आम्ही एकाच वेळी म्हटली होती.

रविवारी माहेरी गेले. अप्पा रस्त्याच्या गँगमध्ये मजूर होते, आता घरीच असतात. माझ्या हातात फाईल बघून म्हणाले, "कामून आणलीस परत?" मी सगळं सांगितलं, साबणासकट, थँक्यूसकट. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला. मला वाटलं, आता शिव्या देतील.

"लग्न मी लावून दिलोय," ते म्हणाले. "कोण आल्तं, कोण न्हाई, मला इचारा म्हणावं त्या साहेबाला. चल, ऊठ."

पहिल्यांदा विहारात नेलं. तिथं लागणाऱ्या प्रत्येक लग्नाची नोंद एका वहीत असते, खाली दोन्हीकडच्या साक्षीदारांच्या सह्या. आमचं पान निघालं. लग्न लावणारे गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांनी आमचा विधी काय असतो आणि त्यात काय नसतं, ते दोन पानं भरून लिहून दिलं. मग अप्पा मला घरोघर घेऊन फिरले. ज्यांनी लग्न डोळ्यांनी बघितलं, त्यांनी आपापलं लिहून द्यायचं. शेजारच्या म्हाताऱ्या अक्काला लिहिता येत नव्हतं. "काय लिहू तुमच्या नावानं?" मी विचारलं.

"लिही की, हुग्गी मी वाढलेय म्हणून. अन् तुझा नवरा तीनदा मागून घेतलाय म्हणून."

तेच लिहिलं. तिनं अंगठा उठवला. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

सगळं इंग्रजीत केलं, नोटरीचा शिक्का मारून घेतला. सर्टिफिकेटावर हिंदू विवाह का छापलंय, तेही वेगळ्या पत्रात लिहिलं. मिलिंदचीही सही लागत होती. त्यानं ती केली, नुसता कागद परत पाठवला. अर्ज गेला.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. समारंभ अगदी लहान दिसतो. अपेक्षित विधी आणि विवाहाची चिन्हं दिसत नाहीत. तीस दिवसांत खुलासा करावा.

म्हणजे सर म्हणाले होते तसंच झालं. हे मी लपवत नाही. घरात कुणी चुकून मंगळसूत्र हा शब्द काढला तर मी काय करेन याचा नेम नाही, अशी माझी त्या दिवशी अवस्था होती. मेल वाचला, परत वाचला, गच्चीवर गेले, खाली आले. साता समुद्रापलीकडच्या माणसालाही माझ्या गळ्यात काय आहे तेच बघायचं होतं.

मिलिंदचा फोन आला. या वेळी तो ओरडला नाही. ते जास्त वाईट होतं. "ऐक न," म्हणाला. "एकटा राहून राहून कंटाळलोय मी. एकदाच घाल ते. एक फोटो पाठवू. कुणाला कळायलंय?"

मला रडू आलं. तो खरंच एकटा आहे. मीही आहे.

"मला कळतंय," मी म्हणाले. "अन् तुलाबी कळतंय."

"अन् नकार आला तर?" त्यानं विचारलं.

खुलासा मी पाठवलाय. त्यात लिहिलंय, विधी अपुरे नाहीत, आमचे विधी एवढेच आहेत, आणि ते आम्ही निवडलेत. उत्तर यायचंय. नकार आला तर परत भरेन. तिसऱ्यांदा भरेन. तोवर मिलिंदला धीर धरवला नाही, तर त्यानं इकडं यावं, तेही मी त्याला सांगितलंय. पण माझं लग्न झालेलं आहे, मादन हिप्परग्याच्या विहारात, माझ्या माणसांदेखत. ते मी कुणासाठीही दुसऱ्यांदा लावून घेणार नाही.