पाय धुऊन आत

चिखलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या फोटोवाल्या वहिनींनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘हसा’ म्हटलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावून त्या म्हणत, “चालू द्या तुमचं.” त्यामुळे लग्नाच्या अल्बमात नवरदेव कसाबसा सापडायचा आणि वाढप्यांवर ओरडणारी नवरीची आई पानोपानी. गिऱ्हाइकं कुरकुरत आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यांनाच बोलावत.

धंद्यापलीकडचे, हौसेचे फोटो त्या घरातच काढत. नातीची वेणी करकचून घालणारी सासू, भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी सासू, आणि दारात उभं राहून येईल त्याला “पाय धुऊन या” असं फर्मावणारी सासू. त्या घरात कोरड्या पायांनी जायची माझी तरी कधी हिंमत झाली नाही.

सासूबाईंना हे फोटो मुळीच पसंत नव्हते. आपल्यामागे भिंतीवर लागायचा फोटो हयातीतच तयार असावा, म्हणून त्यांनी बाजारातून फ्रेम आणून कपाटात ठेवली होती. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या खुर्चीत ताठ बसत. नेमकं तेव्हाच वहिनींना काम निघे. “चांगलं लुगडं नेसलं का कुठी जाते तुहा कॅमेरा?” सासूबाई विचारत.

काढून टाका की एक, असं मी एकदा वहिनींना सुचवलं. त्या कॅमेऱ्याची काच पुसत राहिल्या. त्यांची आई त्यांच्या लहानपणीच गेलेली. “माह्या आईचा एकच फोटो हाये, भाऊ. स्टुडिओतला. त्यात आई कोनालेच ओयखत नसल्यावानी बसेल हाये. लय पाह्यलं मी. मले त्यात आई सापडत नाही.” मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सासूबाई गेल्या. तेराव्याला ती फ्रेम भिंतीवर लागली. आत दारातल्या सासूबाई होत्या, तोंड उघडं, बोट रोखलेलं, पदर खांद्यावर. नातेवाइकांत कुजबुज झाली. वहिनींच्या मोठ्या नणंदेला फोनवर या फोटोची बातमी पोचलीच होती, त्यामुळे ती मेहकरच्या एसटीतून उतरली तीच भांडायच्या तयारीनं. उंबरा ओलांडून तिनं फोटोकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि तशीच मागे फिरून अंगणातल्या नळावर पाय धुऊन आली.

मग फोटोखाली बसली. “आई आता बोलन असं वाट्टे,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. वहिनींनी त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावला नाही. त्या तिच्या शेजारी बसल्या आणि एका आईच्या दोन लेकी रडाव्यात तशा दोघी रडल्या.

मी दारातच उभा होतो. नळावर गेलो, पाय धुतले आणि आत गेलो.