नऊ नंबरची घंटा

घंटा पुन्हा वाजली. कंप्युटरच्या पडद्यावर आलं: जिन नंबर ९. मुकादम गणपतरावांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. सगळी मशिनं थांबली. भर दुपारी कापसाचं तूस तेवढं हवेत तरंगत राहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भैंसा गावच्या एका जिनिंग कारखान्यात मी कंप्युटरवर चालणारी स्टॉप-सिस्टीम बसवत होतो. कामगारानं बटण दाबलं की कंप्युटर तो जिन थांबवणार आणि पडद्यावर नंबर दाखवून घंटा वाजवणार. चाचणीसाठी दोनच जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायची मशिनं, जोडले होते, एक नंबर आणि नऊ नंबर. नऊ नंबर पुढं चालू करायचा म्हणून जोडलेला, सध्या मात्र बंद होता. मागच्या हंगामात मारुती नावाचा कामगार त्यात सापडून मेला होता.

गणपतरावांनी नऊ नंबरपुढं नारळ फोडला आणि मगच मेन चालू केलं. प्रत्येक घंटेला ते असंच करत.

"मारुती हाक मारून राह्यला, साहेब."

"वायर ढिली असेल."

"मंग तुमीच हात लावून पाहा ना."

मी नऊ नंबरवर टाकलेलं गोणपाट उचललं. वायर घट्ट होती. स्टॉपचं बटण गंजून बसलेलं, दाबलंच जात नव्हतं. लोखंड हाताखाली थरथरत होतं. शेजारचे जिन चालू आहेत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

जिनवरच्या बायका घाबरून काम सोडून जायला लागल्या. कारखान्याचे मालक शेठ म्हणाले, "घंटी बंद करो. मेरा सीझन जा रहा है."

मी नऊ नंबर मास्क केला. म्हणजे त्याची हाक आली तरी कंप्युटरनं ती कानावर घ्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी एक नंबरवरून किंकाळी आली. तिथं काम करणाऱ्या शेवंताबाईंचा हात रोलरमध्ये गेला होता. मेन ओढेपर्यंत बोटं गेली होती.

"बटन क्यों नहीं दबाया?" शेठ ओरडले.

"दाबलं जी!" शेवंताबाई कळवळून म्हणाल्या. "दरवेळी दाबते तसंच दाबलं. आज थांबलंच नाही."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. "सिग्नल आलेला नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी फाइल उघडली. कंप्युटरला कामाच्या मधेच आलेल्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. कोणाची हाक आली हे एक चिप सोळा खुणांमध्ये सांगते, आठ-आठचे दोन गठ्ठे करून. आधी कोणता गठ्ठा वाचायचा, हे कर्नलच्या, म्हणजे कंप्युटरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, हार्डवेअर फाइलमध्ये लिहावं लागतं. हैदराबादच्या आमच्या ऑफिसात टेबलावर चाचणीला वापरलेला कंप्युटरचा बोर्ड वेगळ्या जातीचा होता. मी त्याचीच फाइल जशीच्या तशी आणली होती. गठ्ठे उलटे वाचले गेले, आणि पहिली खूण नववी झाली.

कापूस अडकला की शेवंताबाई बटण दाबत. कंप्युटर मात्र नऊ नंबरला, जो आधीच बंद होता, थांबवायचा आणि त्याची घंटा वाजवायचा. मारुतीच्या भीतीनं गणपतराव मेन ओढत. जिन थांबायचा तो त्यामुळं. शेवंताबाईंना वाटायचं, आपल्या बटणानं थांबला. ती घंटाच मी मुकी केली होती.

मी एक ओळ बदलली. बटण दाबून पाहिलं. एक नंबर तिथल्या तिथं थांबला. नऊ नंबर पुन्हा कधी वाजला नाही.

"मारुतीले पायजे होतं ते भेटलं," गणपतराव म्हणाले.

मी मान डोलावली. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून शेठनी शेवंताबाईंना काढलं, तेव्हाही चूक माझ्या फाइलची होती हे सांगितलं नाही.

टेबलावर चाललेली फाइल साइटवर चालेल असं धरू नये. तिथलं बटण आधी आपल्या बोटानं दाबावं. शेवंताबाईंनी ते दाबलं होतं.