उकळलेली गंगा

१९३७ सालच्या वैशाखात नाशिकमध्ये, गंगेलगतच्या, म्हणजे गोदावरीलगतच्या, आमच्या गल्लीत कावीळ आली आणि माझ्या पत्नीला, इंदूला, सातव्या महिन्यात झाली. मी तेव्हा एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. पाहिले आणि ऐकले तेवढेच लिहितो.

सुरुवातीला कुणाच्याच लक्षात आले नाही. इंदूची अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुरू झाली, अंगात कणकण राहू लागली. शेजारच्या गोदाकाकूंनी हसून निकाल दिला, "उशिराचे डोहाळे हो! मुलगा आहे, आतापासूनच आईला छळतोय." आम्हीही तेच धरून चाललो. मग उजव्या बरगडीखाली दुखू लागले, लघवी काळपट पिवळी झाली, अंगाला खाज सुटली. एका सकाळी ती उजेडात आली आणि माझ्या आईच्या हातातले ताट तसेच राहिले. इंदूचे डोळे पिवळे झाले होते.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले. "गरोदरपणी ही कावीळ वाईट. झोप वाढली किंवा बोलण्यात घोटाळा होऊ लागला, तर धावत या. औषध फारसे नाही. विश्रांती हवी आणि पोटात अन्न जायला हवे. पुराव्यानिशी सांगता येत नाही, पण माझा संशय पाण्यावर आहे. नदीचे कच्चे पाणी बंद. प्यायचे ते उकळून."

अडचण इथेच होती. आमचे पहिले मूल गेल्यापासून इंदूचा नेम होता: आईने पहाटे रामकुंडावरून आणलेले तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही, बाळंत होईपर्यंत. तीर्थ बंद झाले तसे तिने जेवण बंद केले. मी समजावले, रागावलो. ती म्हणाली, "एक मूल गेलंय. आता नेम मोडायला सांगू नका." आणि तीर्थ उकळायला आई तयार नव्हती. "गंगा चुलीवर चढवायची? ती काय आमटी आहे?"

दुसऱ्या दिवशी इंदूला उठून बसवेना. आई तांब्या घेऊन कुंडावर गेली. पुढचे तिने सांगितलेले आहे, मी तिथे नव्हतो. पाणी आटले होते, कडेला धुणी चालली होती. तांब्या भरावा की रिकामा न्यावा हे न कळून ती पायरीवर रडत बसली. येवल्याकडची एक म्हातारी बोचके घेऊन शेजारी टेकली आणि तिने सगळे विचारून घेतले.

"आगीनबी देवच हाय ना, आई?" ती म्हणाली. "होमात तूप वततात, तवा बाटतं का ते? एका देवाच्या हातात दुसरा देव द्यायचा. त्यात काय भ्यायचं?"

आई तांब्या भरून घरी आली, कुणाशी न बोलता तिने चूल पेटवली. पाण्याला उकळी फुटली तेव्हा तिने हात जोडले. निवलेल्या तीर्थात तुळशीचे पान टाकून पळीभर इंदूच्या हातावर घातले. इंदूने ते घेतले आणि मग वाटीभर पेज प्यायली. म्हातारीला शोधायला मी धर्मशाळा पालथ्या घातल्या. ती भेटली नाही. आई तिला कोण समजत होती, हे तिने कधी बोलून दाखवले नाही आणि मी विचारले नाही.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. गोदाकाकू दारातूनच म्हणाल्या, "काय वहिनी, गंगेला फोडणी घातलीत म्हणे?"

"घातली. वाटीभर देऊ का?" आई म्हणाली आणि चुलीकडे वळली. आयुष्यभर सोवळे पाळलेल्या त्या बाईची ताठ पाठ मला आजही दिसते. तिचा मला तेव्हा अभिमान वाटला, अजून वाटतो. इंदूचाही वाटतो. दोघींनी देव सोडला नाही. आपला हट्ट मात्र त्याच्या पायाशी ठेवला. मला माझा हट्ट तसा ठेवायला पुष्कळ वर्षे लागली.

पुढे गोदाकाकूंच्या नातवाचे डोळे पिवळे झाले. त्या संध्याकाळी त्या वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आईने वाटी भरून दिली आणि पाणी किती वेळ उकळायचे तेही सांगितले. मुलगा बरा झाला. पावसाळा लागेपर्यंत गल्लीतल्या बहुतेक घरी तीर्थ चुलीवरून उतरू लागले होते.

इंदू श्रावणात बाळंत झाली. मुलगी झाली. डॉक्टरांनी खिडकीपाशी नेऊन आधी इंदूचे आणि मग मुलीचे डोळे पाहिले. दोघींच्या डोळ्यांत पिवळेपणा नव्हता.