नकाशावरची नऊ माणसं

आमच्या ऑफिसात महिपत म्हणजे चालताबोलता नकाशा. रत्नागिरीच्या आपत्ती कक्षात त्याचं टेबल माझ्या शेजारी. कुठली मोरी पाण्याखाली गेली की मदतीचा टेम्पो कुठून फिरवायचा, हे संगणकाच्या आधी हा सांगतो, आणि वर साहेबांनाही ऐकवतो. तोंडाने फटकळ, पण पंचवीस वर्षं शहरात राहून मनातून गाव काही सुटलं नाही. या पावसाळ्यात जाणारच, असं दर वर्षी म्हणतो. आमच्या कक्षात पावसाळ्यात रजा कोण देतो?

गेल्या जुलैत चिपळूणच्या वरच्या अंगाला दरड कोसळली आणि त्याच्या वाडीचा रस्ता तुटला. वाडीत त्याची सोनूबाई काकी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. 'मार्ग नाही' म्हणून संगणकाने हात वर केले. उपग्रहाच्या चित्रात नुसती झाडी. महिपतने माऊस धरला आणि त्या झाडीतून एक रेघ ओढली. ती जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, त्याची शाळेची वाट. मग प्रत्येक घरावर माणसांचा आकडा टाकायचा होता, कारण शिधा त्यावरून ठरतो. वाडीत कुणाचा फोन लागेना. हा झरझर भरत गेला. सात घरं, एकेचाळीस माणसं. काकीच्या घरात नऊ.

"नऊ?" मी विचारलं.

"आमीच की. नावं सांगू?"

पाखाडी जागेवर होती. आमच्या मदत पथकाचा संदेश आणि त्याचे स्वयंसेवक पाठीवर पोती घेऊन दोन खेपा चढले. वर पाहतात तर पाच घरांना कुलपं, माणसं मुंबईत. अख्ख्या वाडीत तिघं. साहेब भडकले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. खालच्या वाडीत लोक त्याच शिध्याची वाट बघत होते. महिपतने मान खाली घातली. सगळे आकडे त्याच्या लहानपणीचे होते. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं.

संदेशजवळ कक्षाचा सॅटेलाइट फोन होता. तो त्याने काकीच्या हातात दिला. महिपतने इकडे स्पीकर लावला.

"म्हयपत, नऊ मानसांचा शिधा पाठवलास. मी नवांचा भात टाकलाय. बाकीचे आठ कवा येतील रं?"