डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडलं अन् मग रोजची एक गोळी मागं लागली. अंगातलं हार्मोन कमी करणारी. माझी गाठ त्या हार्मोनवरच पोसली होती, म्हणून तिचं खाणंच तोडायचं. पण गोळी सुरू झाली अन् माझ्या डोक्यात धुकं भरलं. एकदा तवा चुलीवर ठेवला, भाकर थापली अन् नेऊन ठेवली फ्रीजमध्ये. तवा बिचारा तापून राह्यला. सुनेला म्हशीच्या नावानं हाक मारली. ती आली, हा तिचा मोठेपणा.

मी म्हटलं, ही गोळीच डोकं खाऊन राह्यली. आठ दिवस कोणाला न सांगता घेतलीच नाही. पण मनात दुसरीच भीती होती, रोग डोक्यात तर चढला नाही?

शेवटी जैनथहून बसनं आदिलाबादला गेलो, मी अन् आमचे हे. हे बाहेर बाकावर डुलक्या घेत बसले. आत डॉक्टरीणबाई, तेलुगू पोरगी, मराठी मोडकं पण गोड. तिला भाकरीचं अन् म्हशीचं सांगितलं. "अम्मा, थोडं विचारते. आज वार कोणता?" सांगितला. "सकाळी काय खाल्लं?" सांगितलं, कसं रांधलं तेही सांगितलं. "नवऱ्याचं नाव?"

आता आली का पंचाईत. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी तोंडाला पदर लावून खाली पाहत हसले.

"घाई नाही अम्मा. आठवून पहा."

"आठवते ना."

"मग सांगा."

"तेच तर सांगत नसतात."

तिनं आवाज आणखी मऊ केला. "पहिलं अक्षर?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं कागदावर लांबलचक काहीतरी लिहिलं अन् म्हणाली, "डोक्याचा फोटो काढून घेऊ."

मी तोंडावरचा पदर काढला. डोळे मिटले अन् नाव घेतलं, सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, बाजारात मिरच्या विकते त्या आवाजात. दार उघडून हे आत हजर. "आलो, आलो. आपला नंबर लागला का?" बोलावणारी कोण ते कळल्यावर कानापर्यंत लाल झाले. "तुले येते का माह्यं नाव?"

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत कागदावरचं खोडलं. मग मी गोळ्यांचं कबूल केलं, तशी ती हसायची थांबली.

"रोग डोक्यात गेल्यासारखं काही दिसत नाही, अम्मा. पण मेंदूतही राखणदार पेशी असतात. हार्मोन त्यांना शांत ठेवतं, असं वाटतं. ते कमी झालं की त्या चिडतात, मेंदूला बारीक सूज येऊ शकते, मग असं विसरायला होतं. आजारानं, औषधांनीही येते. अजून सगळं पक्कं कळलेलं नाही."

"म्हणजे मचाणावरचा राखणदार. डुक्कर नसलं तरी, पान हललं की डबा बडवते."

"तसंच. रोज चाला, झोप सांभाळा, त्रास झाला तर मला सांगा. गोळी बदलता येते. पण आपल्या मनानं बंद करायची नाही. गाठ परत आली तर?"

हे लाजायचे थांबले. "आठ दिवस?" म्हणाले अन् पाण्याची बाटली काढली.

डॉक्टरीणबाईंना दाखवायला आणलेलं गोळ्यांचं पाकीट मी पिशवीतून काढलं. यांनी बाटली उघडून पाणी दिलं, अर्धं माझ्या पदरावर. मी गोळी गिळली अन् जीभ बाहेर काढून दाखवली, दोघांनाही.